व्यावसायिक डीजे आणि हौशी डीजे यांच्यात नेमका फरक कोणता?

तुम्ही विचारले आहे की, घरच्या कंट्रोलरवर, म्हणजे संगणकाला जोडून गाणी मिसळायच्या यंत्रावर, सिंकचे बटण दाबले की दोन गाण्यांचे ठेके आपोआप जुळतात, मग व्यावसायिक आणि हौशी डीजेत फरक तो काय उरला. मी गेली बरीच वर्षे पुणे आणि नाशिक परिसरात लग्नसमारंभांत, आणि अधूनमधून क्लबमध्येही, वाजवतो. त्या अनुभवावरून लिहितो. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाही डीजेच म्हणतात, पण इथे मी गाणी निवडून ती एकमेकांत गुंफणाऱ्या माणसाविषयी बोलतो आहे. समोर जमलेल्यांची अख्खी संध्याकाळ ही आपली जबाबदारी आहे असे धरून जो तयारी करतो, त्याला मी व्यावसायिक मानतो. स्वतःच्या आवडीची गाणी मोठ्या आवाजात वाजवायला मिळावीत एवढ्यासाठी जो उभा राहतो, तो मानधन घेत असला तरी हौशीच.

आधी सिंकविषयी. एक गाणे मिनिटाला १२४ ठोक्यांचे आणि दुसरे १२६ ठोक्यांचे असेल, तर एकाच क्षणी सुरू करूनही १५ सेकंदांत त्यांच्यात अर्ध्या ठोक्याचे अंतर पडते आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. हे अंतर कानाने ओळखून मिटवण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या क्लबांत फ्रान्सिस ग्रासो यांनी रूढ केली. १९७२ मध्ये टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवण्याचे यंत्र, आले, १९७९ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी आली आणि पुढची कित्येक वर्षे तेच डीजेचे मुख्य वाद्य राहिले. आज हे काम संगणक करतो आणि ते त्याच्याकडून करून घेण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

मात्र लग्नात वाजवायला लागल्यावर सिंकची मर्यादा लगेच कळते. जुन्या हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांत वादक एकत्र बसून वाजवत असत, त्यामुळे गाण्याचा वेग अंतऱ्यात किंचित वाढतो, मुखड्यावर येताना सैल होतो. सॉफ्टवेअरने आखलेली ठोक्यांची जाळी अशा गाण्यावर नीट बसत नाही आणि सिंक निर्धास्तपणे चुकीचे जुळवून देते. दुसरी अडचण तालाची आहे. दादऱ्याच्या अंगाने जाणारे, सहा मात्रांचे गाणे आणि केरव्यातले आठ मात्रांचे गाणे यांचे वेगाचे आकडे पडद्यावर अगदी सारखे दिसले तरी ती एकमेकांवर चढवता येत नाहीत, कारण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, वेगवेगळ्या जागी पडते. अशा वेळी पहिल्या गाण्याची ओळ पूर्ण होऊ द्यावी, मध्ये नुसत्या ढोलकीचा किंवा ताशाचा तुकडा घ्यावा आणि मग दुसरे गाणे थेट समेवर सुरू करावे. कुठली जोडी कशी जोडायची हे आधी घरी बसून ठरवलेले असावे लागते. ओळ पूर्ण होऊ देणे ही गोष्ट साधी वाटते, पण हौशी माणूस मला सर्वांत लवकर तिथेच ओळखू येतो. नृत्यसंगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या टप्प्यांत रचलेले असते, म्हणजे १२८ च्या वेगाला बरोबर १५ सेकंदांचा एक टप्पा. तो संपण्याची वाट न पाहता पुढचे गाणे घुसवले की ठेका जुळूनही ऐकणाऱ्याला दचकल्यासारखे होते.

जबाबदारीचा अर्थ मला स्वतःला एका चुकीतून कळला. सुरुवातीच्या काळात एका क्लबमध्ये मला रात्री नऊ ते साडेदहा अशी पहिली वेळ मिळाली होती. मी माझ्याकडची सर्वांत जोरदार गाणी पहिल्या अर्ध्या तासातच वाजवली. लोक तेव्हा नुकते येऊन बसत होते, एकमेकांशी बोलू पाहत होते. त्यांना बोलणे अशक्य झाले आणि बरेच जण बाहेर अंगणात निघून गेले. माझ्यानंतर वाजवणाऱ्या ज्येष्ठ डीजेंना रिकाम्या जागेपुढे उभे राहावे लागले, शिवाय रात्रीच्या भरासाठी त्यांनी राखून ठेवलेली गाणीही मी आधीच वापरून टाकली होती. त्यांनी पहिली वीस मिनिटे मंद, शब्द नसलेले संगीत लावून लोकांना हळूहळू आत आणले. पहिल्या वेळेच्या डीजेने माना डोलायला लावाव्यात आणि तिथेच थांबावे, हे तेव्हापासून मी कसोशीने पाळतो. हाताशी उत्तम गाणे असताना ते न वाजवणे हे या कामातले मला सर्वांत अवघड वाटलेले कौशल्य आहे.

आवाजाच्या बाबतीतही हेच. गाण्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवरचे लाल दिवे सतत लागलेले असतील तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जात असतात. त्याने आवाज फारसा वाढत नाही, फक्त कर्कश होतो आणि स्पीकरमधले उंच सुरांचे नाजूक भाग जळू शकतात. कानांचा हिशेबही ठेवावा लागतो. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात असे धरले, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरते. म्हणून मी कानांत प्लग घालतो आणि पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांच्या तोंडावर स्पीकर कधीही लावत नाही. सगळ्या गाण्यांच्या दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर प्रती असणे आणि जागा आदल्या दिवशी पाहून येणे हे तर गृहीतच आहे.

आणखी एक गोष्ट शेवटच्या अर्ध्या तासाची. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. हौशी डीजे दहाला पाच मिनिटे कमी असताना सर्वांत गाजलेले गाणे लावतो, मग कार्यालयाचा व्यवस्थापक येऊन वीज बंद करतो आणि वधूपित्याला पाहुण्यांची समजूत काढत बसावे लागते. मी साडेनऊलाच तो कळस गाठून घेतो, त्यानंतर वेग उतरवत नेतो, आणि पावणेदहाच्या सुमारास सगळ्यांना तोंडपाठ असलेले एखादे जुने गाणे लावतो, म्हणजे ते गात गातच लोक जेवणाच्या पंगतीकडे वळतात.