आयरिश ‘कना’ आणि त्याचे नातेवाईक
प्रश्न असा: आयरिशमध्ये गाण्याच्या क्रियेला ‘कना’ म्हणतात. हा शब्द चर्चच्या लॅटिनमधून आला का? आणि आपल्या ‘गाणे’शी त्याचं काही नातं आहे का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘कनिद’ म्हणजे गातो, आणि भूतकाळात ‘केखन’, म्हणजे गायला. धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं. लॅटिनमध्येही ‘कानो’चं ‘केकिनी’ होतं. ‘कृ’चं ‘चकार’, ‘गै’चं ‘जगौ’ पाठ केलेल्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. उसन्या क्रियापदाला असली जुनी रूपं चिकटत नाहीत. आयरिश आणि लॅटिन दोघींनी हा शब्द एकाच पूर्वज भाषेकडून घेतला. वेल्श ‘कानी’ त्याच घराण्यातला. जर्मानिक भाषांत सुरुवातीच्या ‘क’चा ‘ह’ झाला, म्हणून जर्मन ‘हान’, म्हणजे कोंबडा: मूळ अर्थ गाणारा. इंग्रजी ‘हेन’ही त्यातलीच, बांग न देता!

‘गै’ मात्र वेगळा धातू. आयरिश ‘क’ आणि संस्कृत ‘ग’ यांची जोडी नियमात बसत नाही. त्याची बहीण लिथुआनियनमध्ये सापडते, ‘गिएदोति’.

मला खरी गंमत या शब्दाच्या अर्थामध्ये वाटते. ‘कनिद’मध्ये गाण्याबरोबर पठणही येत असे, आणि त्याला ‘फोर’ उपसर्ग लागला की अर्थ होई ‘शिकवतो’. विद्या मुखोद्गत असायची तेव्हा यात नवल नाही. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये तर ‘कान’चा अर्थ नुसता ‘सांग, म्हण’ एवढाच उरला. उलट आयर्लंडच्या पश्चिमेला, कोनेमारात, गायकाला आग्रह करतात तो ‘अबिर अउरान’ असा, म्हणजे ‘गाणं म्हण’. इंग्रजाला हे विचित्र वाटतं, आपल्याला समजावावं लागत नाही. दक्षिणेकडे मन्स्टरमध्ये गाणं ‘घेतात’; कीर्तनकार अभंग घेतात तसंच. ही मराठीशी सोयरीक नव्हे, निव्वळ योगायोग. रोजच्या बोलण्यात अशी क्रियापदं असल्यामुळे ‘कना’ थोडा पुस्तकी वाटतो.

या धातूचं आपल्या बाजूला काही हवंच असेल तर गोव्यात बघा. लॅटिन ‘कांतारे’पासून पोर्तुगीज ‘कांतार’, आणि तोच शब्द कोंकणीत गाण्याला. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकात, प्रवेशांच्या मधे गातात ती कांतारां.