बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला बदली झालीय, कन्नड येत नाही, मराठीवर निभेल का? गाव कसं आहे?

निभेल की! मी इथलाच, जन्म खानापुरात, घरात मराठी आणि शेजारी कन्नड, त्यामुळे जे बघतोय तेच सांगतो.

गाव मलप्रभेच्या काठावर, बेळगावपासून साधारण 26 किलोमीटर, बेळगाव-लोंढा लाईनवर स्टेशन आहे. कारभार नगरपंचायतीचा पण गावाची चाल खेड्याचीच, भात, ऊस, रताळी, वीटभट्ट्या, खानापूरची कौलं नि मातीची भांडी तर लांब लांब जायची. पश्चिमेला सगळं जंगल, तिकडंच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात तिथला पाऊस बघितल्याशिवाय कळत नाही, चांगली छत्री आणि रेनकोट दोन्ही घेऊनच या.

आता भाषेचं. तालुक्यात मराठी माणूस जास्त, पण 1956 ला राज्यं झाली तेव्हा आम्ही मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्याकडं, म्हणजे आताच्या कर्नाटकाकडं गेलो आणि तेव्हापासनं बोलणं दोन भाषेत, कागद एका भाषेत असं झालंय. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला मला "काय पायजे ओ" म्हणतो, माझ्या मागच्या माणसाला त्याच दमात कन्नडात "एन् बेकरी", आणि हिशोब मात्र तोंडातल्या तोंडात मराठीत करतो. यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

त्रास होतो तो कागदाचा. माझ्या आजीच्या पेन्शनचं पत्र एका ऑफिसातनं नुसत्या कन्नडात आलं, तिला मराठी वाचता येतं पण ते वाचता येईना, शेजारच्या अक्कांनी येऊन वाचून दाखवलं आणि तेव्हा कळलं की मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. जिथं अल्पसंख्य भाषेची लोकं 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्याही भाषेत द्यायच्या असं 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेलं आहे आणि ते इथं नीट पाळलं जावं असं मला मनापासून वाटतं, यात कन्नडला कुठंच कमीपणा नाही.

1 नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी लोकांचा काळा दिन असतो, त्या दिवशी नवीन माणसानं वाद घालत बसू नये. बाकी वर्षभर लोकं एकमेकांच्या लग्नात वाढायला असतात. जवळच नंदगडला जा, 1831 साली इंग्रजांनी कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाला तिथं फाशी दिलं, त्याच्या समाधीजवळच्या वडाला बायका मूल व्हावं म्हणून छोटे पाळणे बांधतात, नवस मराठीतला कुठला नि कन्नडमधला कुठला ते त्या पाळण्यांवरनं काय कळणार.

एक काम मात्र करा, पहिल्या दोन महिन्यात कन्नड अक्षरं शिकून घ्या. बोलता नाही आलं तरी चालेल, पण बसची पाटी आणि उतारा वाचता आला की अर्धं काम झालं. आणि समोरचा "बर्री, कुंद्री" म्हणाला की "या, बसा" म्हणतोय, निवांत बसा, चहा येतोच.