ग्वाशमध्ये छोटी काल्पनिक चित्रं काढताना रंग खडूसारखे का दिसतात? आणि असल्या कल्पना सुचतात तरी कुठून?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून ग्वाशचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगांचा, सेट आणला, पोस्टकार्डाएवढी परीकथेतली वाटतील अशी चित्रं काढायला घेतली, पण रंग खडूसारखे दिसतात, वरचा थर लावला की खालचा उखडतो आणि मुळात काय काढायचं तेच सुचत नाही. मी काही आर्ट स्कूलमधली नाही, वेंगुर्ल्याच्या बाजूला राहते, दिवसा पतपेढीत काउंटरवर असते आणि रात्री जेवणं आटपली की त्याच टेबलावर रंग मांडते. पण या तिन्ही गोष्टींत पुरेसे कागद फुकट घालवलेत म्हणून लिहितेय.

खडूचं कारण बहुतेक वेळा पांढरा. आपण शाळेत वॉटरकलर शिकलेलो असतो, पाणी घातलं की फिका, आणि ग्वाशमध्ये फिकं करायला पांढरा घालायचा म्हटल्यावर आपण प्रत्येक रंगात पांढरा ढकलतो, मग झाड पण दुधाळ, आभाळ पण दुधाळ, परीचा फ्रॉक पण दुधाळ. उजेड पांढऱ्याने येत नाही हो, बाजूचं गडद आणि मळकट केलं की येतो. पिवळ्याला उजळ करायचंय तर आधी लेमन यलो घालून बघा, हिरव्याला पण तेच, पांढरा सगळ्यात शेवटी. आणि पांढऱ्यातही दोन असतात, झिंक व्हाइट थोडा पारदर्शक म्हणून मिसळायला बरा, टायटॅनियम झाकायला. मी काळ्याची ट्यूब तर उघडतच नाही, निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट अंबर मिसळला की आमच्याकडच्या अमावस्येच्या रात्रीसारखा काळोख मिळतो, त्यात निळं पण असतं आणि मातीपण.

अजून एक, ओला रंग आणि सुकलेला रंग एकच नसतो. साधारण फिके रंग सुकल्यावर जरा गडद होतात आणि गडद रंग जरा फिके, त्यामुळे आपण ओल्यावर बघून ठरवतो आणि अर्ध्या तासाने फसतो. त्याच कागदाची एक पट्टी कापून बाजूला ठेवा, रंग आधी तिच्यावर, पंख्याखाली सुकवा, मग चित्रावर. कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

थर उखडण्याचं असं की ग्वाशमध्ये रंग धरून ठेवायला डिंक असतो, तो सुकला तरी पाणी लागलं की परत सुटतो. म्हणून पहिला थर पातळ, सोलकढीसारखा, कागदात मुरेल इतका. दुसरा घट्ट ताकासारखा, पूर्ण सुकल्यावर, आणि ब्रश एकदाच फिरवायचा, घासायचा नाही. घासलात की संपलं. शेवटचे ठिपके आणि रेषा दह्यासारख्या, पण श्रीखंडासारखा जाड थापू नका, सुकल्यावर भेगा पडतात. महागड्या ट्यूबा नसतील तर शाळेतले पोस्टर कलर पण चालतात सरावाला, भाऊबंदच आहेत ते. कागद मात्र ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या आणि चारही बाजूंना मास्किंग टेप मारा, नाहीतर पापडासारखा वळतो.

आता काय काढायचं. मी सुरुवातीला दोन वर्षं परदेशी परीकथांतलं काढलं, टोकदार छपरांचे किल्ले, अळंबीच्या लाल छत्र्यांवर पांढरे ठिपके, एक जलपरी पण होती खडकावर केस विंचरत बसलेली, आणि तिच्यावर मी पंधरा दिवस घालवलेले. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ही खंयची गो? आमच्या हयची दिसणा नाय." मला राग आला होता तेव्हा. पण खरंच होतं, तो खडक मी कधी बघितलेला नव्हता, दुसऱ्याच्या चित्रातला होता.

मग ओहोटीला कांदळवनाच्या चिखलात निवट्या बघत बसले. माशाची जात असून चिखलावर उड्या मारत फिरतात, डोळे डोक्याच्या वर बटणासारखे लावलेले. मी फक्त एवढंच केलं की एका निवटीला चहाची टपरी टाकून दिली. कांदळाच्या मुळांखाली, करवंटीचं भांडं, मुळाला टांगलेला कंदील. बाकी चिखल, मुळं, त्यावर चिकटलेली कालवं, सगळं बघून काढलेलं. चित्रात खोटं एकच ठेवायचं आणि बाकीचं इतकं खरं की बघणारा आधी म्हणेल "अरे ही तर आपली खाडी" आणि मग त्याला चहावाली दिसेल. तेच चित्र आजीला दाखवलं तर विचारते चाय कितीक.

ते चित्र ४ बाय ६ इंचांचं होतं. आधी पूर्ण कागदावर पातळ, तांबूस बर्न्ट सिएना ओढला म्हणजे मधेच पांढरा कागद डोकावत नाही. मग मघाचंच निळं-तपकिरी मिश्रण, कडेला गडद आणि मधे जरा हलकं. सुकल्यावर मुळं, मग निवटी. कंदिलाभोवती आधी यलो ओकर, म्हणजे मातकट पिवळा, जवळजवळ कोरड्या ब्रशने चोळला (हो, इथे चोळलं चालतं, ब्रश कोरडा असतो म्हणून), त्याच्या आत थोडा लेमन यलो, अगदी मधे टायटॅनियमचा एक ठिपका. अख्ख्या चित्रात पांढरा तीनच ठिकाणी, कंदील, डोळ्यातली चमक आणि चहाची वाफ. ओला चिखल दाखवायला आडव्या, तुटक फिक्या रेषा, बस. झिरो नंबरच्या बारीक ब्रशला हात शेवटच्या दहा मिनिटांत, आधीच घेतलात तर तुम्ही पानं मोजत बसाल आणि चित्र राहील.

लहान जागेत आकृती कशी बसवायची ते बघायचं असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते, हाताने रंगवतात ते जाऊन बघा. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, १० अवतार आणि प्रत्येकाचे १२, छोट्याशा गोल पत्त्यात अख्खा मत्स्य किंवा कूर्म बसवलेला असतो. मागचा रंग सपाट, आकृती ठसठशीत मोठी, बारीक रेघ सगळ्यात शेवटी. मी तिथे उभी राहून जे शिकले ते व्हिडिओत नव्हतं.

कल्पना घरातल्याच घ्या. आरवलीच्या वेतोबाला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात, देव रात्री गावात फिरतो आणि ती झिजतात अशी श्रद्धा आहे. मला त्या पायताणात संसार थाटलेला दाखवायचा होता, आईने डोळे वटारले, देवाच्या वहाणेत खेळ नको. तिचं बरोबरच वाटलं, मग आजोबांचं जुनं पायताण खळ्यात ठेवून उंदराचं बिऱ्हाड काढलं, अंगठ्याच्या जागी वाळत घातलेले कपडे. चाललं की.

एक सांगायचं राहिलं, तुम्ही पण किनाऱ्याच्याच आहात म्हणून. पाऊस. एका वर्षी १४ चित्रं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जुलैत ठेवली, गणपतीच्या साफसफाईत उघडली तर सगळ्यांवर पांढरी लव, डिंक म्हणजे बुरशीला मेजवानीच. नऊ टाकून दिली. आता पूर्ण सुकली की मधे बटर पेपर घालून स्टीलच्या डब्यात, सोबत औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पॅलेट ओलं असताना झाकण लावायचं नाही, आणि पावसात रंगात लवंगेच्या तेलाचा एक थेंब. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, आमच्या इथल्या फ्रेमवाल्याने एकदा न विचारता थेट काच ठोकली आणि निवटीचा एक डोळा काचेला चिकटून आला. परत रंगवला, पण आता ती जरा तिरळी दिसते.