‘चरित्रपट’ की ‘जीवनपट’?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, गायकांवरील चित्रपटांत घटना सर्रास मागेपुढे केलेल्या असतात, तर त्यांना ‘चरित्रपट’ म्हणावे की नुसते ‘जीवनपट’? प्रश्न रास्त आहे. परंतु आमच्या बेळगावातील सूत्रसंचालकांच्या तोंडी हल्ली ‘चारित्र्यपट’ असा एक शब्द बसला आहे, त्याचा निकाल आधी लावला पाहिजे. चारित्र्य म्हणजे शील. त्याचा दाखला मुख्याध्यापक देतात, दिग्दर्शक नव्हे.

चरित्राचे वर्तन, जीवनकथा वगैरे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. ते सोडून मुळाकडे जाऊ. चर् म्हणजे चालणे, आणि त्याला पाणिनी ‘इत्र’ हा साधनवाचक प्रत्यय लावतो. ज्याने खणायचे ते खनित्र, ज्याने कापायचे ते लवित्र, म्हणजे विळा. त्याच सूत्रातले चरित्र म्हणजे चालण्याचे साधन, अर्थात पाय! ऋग्वेदात (१.११६.१५) पक्ष्याचा पंख तुटावा तसे विश्पला या स्त्रीचे ‘चरित्र’ तुटते, आणि तिला धावता यावे म्हणून अश्विनीकुमार तिला तत्काळ धातूची जंघा, म्हणजे पाय, बसवतात. पिशेल या जर्मन पंडितांनी विश्पलेला शर्यतीची घोडी ठरवले आहे. मोडक्या पायाच्या घोडीवर इतकी मेहनत घेणारे वैद्य स्वर्गात असतील तर असोत, मला ते पटत नाही.

चित्रपटवाले नेमके हेच करतात, असे माझे मत आहे: खरा पाय काढून धावण्यापुरता धातूचा पाय बसवतात. क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या फ्रेडी मर्क्युरीवरील २०१८ च्या चित्रपटात तो १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीपूर्वीच सहकाऱ्यांना आपल्या एड्सच्या आजाराबद्दल सांगतो, तर प्रत्यक्षात त्याचे निदान १९८७ मधले मानले जाते. शिवाय त्या मैफलीसाठी पुन्हा एकत्र येणारा दाखवलेला तो वृंद त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत दौऱ्यावर होता. आमच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची देवासमधील आजारपणाची वर्षे उद्या कोणी एका गाण्यात गुंडाळली, तर मी तक्रार करणार नाही. मात्र अंथरुणावर असताना माळव्याची लोकगीते कानावर पडण्याआधीच त्यांना ती गायला लावली, तर पाय उलटा बसवल्यासारखे होईल, कारण त्या क्रमातच त्या गाण्याचे कारण आहे.

घटना अशा मागेपुढे केल्याची चीड आमच्याकडे अधिक का, याचेही एक कारण मला सुचते. कन्नडमध्ये ‘चरित्रे’ म्हणजे इतिहास, तेलुगूतही चरित्र म्हणजे इतिहासच. मराठीत ती एका माणसाची हकीकत आणि हिंदीत शील, जिथून तो ‘चारित्र्यपट’ आला असावा. ज्याच्या घरी मराठी आणि बाजारात कन्नड, तो ‘चरित्रपट’ हा शब्द ऐकताच इतिहास मागतो आणि तिकीट फाडून आत गेल्यावर फसतो. पुण्याच्या शब्दप्रेमींना हा अर्थ दूरचा वाटतो, कारण त्यांना कन्नड पाटी वाचावी लागत नाही.

राहिला ‘जीवनपट’. जीवनाचा पट म्हणजे जन्मापासूनचा सगळा विस्तार; तेव्हा तो शब्द अधिक सैल नसून उलट अधिक वचन देणारा आहे. दिग्दर्शकाला सवलतच द्यायची असेल, तर ‘चरित्रपट’ बरा; मुळात त्यात धावण्यापुरता पाय तेवढा आहे.