वाचकांचे प्रश्न : होज तुटल्यावर हवा अडवणारी झडप

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. कॉम्प्रेसरची टाकी ५०० लिटरची असून लाइनमध्ये ७ बार दाब असतो. गेल्या उन्हाळ्यात पाऊण इंची रबरी होज निपलवरून निसटला आणि बॉल व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत सापासारखा फटके मारत राहिला. एका कामगाराच्या गालाला जबर मार बसला. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नुकताच तपासून घेतलेला होता, तरी तो उडाला नाही, तो का? दुकानदार आता ‘एअर फ्यूज’ बसवा म्हणतो. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : आपला सेफ्टी व्हॉल्व्ह नादुरुस्त नव्हता. त्याचे काम टाकीतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढला तर हवा बाहेर सोडणे एवढेच आहे. होज निसटतो तेव्हा दाब चढत नाही, उलट उतरू लागतो, त्यामुळे या प्रसंगी तो उघडण्याचा प्रश्नच येत नाही. टाकी फुटू नये यासाठी तो अत्यावश्यक आहे. होजसमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्याचे कोणतेही संरक्षण नाही. अनेक वर्कशॉपमध्ये या दोन धोक्यांची गल्लत होते, म्हणून आपण हे विचारलेत ते फार बरे झाले.

एअर फ्यूज दाबावर नव्हे, प्रवाहावर चालतो. त्याच्या आत स्प्रिंगने मागे धरून ठेवलेला एक लहानसा दट्ट्या असतो आणि नेहमीची हवा त्याच्या कडेने वाहत राहते. होज तुटला की हवेचा वेग एकदम वाढतो, दट्ट्याच्या पुढच्या व मागच्या बाजूंच्या दाबातील फरक स्प्रिंगच्या जोरापेक्षा जास्त होतो आणि दट्ट्या पुढे सरकून वाट बंद करतो. हे सारे क्षणार्धात घडते. दट्ट्यात बहुधा एक बारीक छिद्र ठेवलेले असते. होज पुन्हा नीट जोडून पुढचे टोक बंद केले, की त्या छिद्रातून पुढच्या बाजूला हळूहळू दाब भरतो आणि झडप आपोआप उघडते. म्हणजेच विजेच्या फ्यूजसारखी तार बदलावी लागत नाही.

पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजचे तोंड सुमारे २.८ चौरस सेंटिमीटरचे असते. त्यावर ७ बार दाब म्हणजे जवळजवळ २० किलोचा जोर होतो आणि मोकळ्या टोकाला जड लोखंडी कपलर असेल तर तोच कपलर हातोडा बनतो. शिवाय ५०० लिटरच्या टाकीत ७ बारला साधारण ३५०० लिटर मोकळी हवा साठलेली असते, म्हणजे कॉम्प्रेसर बंद केला तरी फटके लगेच थांबत नाहीत. अमेरिकेच्या बांधकामविषयक सुरक्षा नियमांत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या आतल्या व्यासाच्या प्रत्येक हवेच्या होजला, पुरवठ्याच्या किंवा फाट्याच्या ठिकाणी, होज तुटल्यास दाब कमी करणारे साधन सक्तीचे आहे. आपला होज त्या मापाच्या वरचा आहे, तेव्हा माझे स्पष्ट मत आहे की एअर फ्यूज बसवावाच.

मात्र नुसता विकत घेऊन बसवला म्हणजे झाले, असे नाही. झडप पक्क्या लोखंडी पाइपच्या शेवटी, होज जिथून सुरू होतो तिथेच हवी आणि तिच्यावरचा बाण होजच्या दिशेने हवा. ती होजच्या दुसऱ्या टोकाला, हत्याराजवळ बसवली तर मधला सगळा होज उघडाच राहतो. दुसरी बाब निवडीची आहे. झडप ज्या प्रवाहाला बंद होते तो आकडा हत्याराच्या जास्तीत जास्त गरजेपेक्षा वर असला पाहिजे, नाहीतर ग्राइंडर सुरू करताच ती मिटेल आणि वैतागलेला कामगार ती काढून ठेवेल. पण तोच आकडा होज तुटल्यावर प्रत्यक्ष वाहू शकणाऱ्या प्रवाहापेक्षा खाली असला पाहिजे. इथेच बहुतेकांची फसगत होते. पाऊण इंची होजला पुढे पाव इंची लांब होज जोडला असेल, तर तो बारीक होज तुटल्यावरही हवा इतकी कमी वाहते की पाऊण इंची झडपेला काही कळतच नाही. अशा ठिकाणी बारीक होजच्या सुरुवातीला त्याच्या मापाची वेगळी झडप द्यावी लागते.

बसवल्यावर चाचणी जरूर घ्या. पुरवठा बंद करून होजच्या टोकाला एक बॉल व्हॉल्व्ह लावा, ते टोक शिकंज्यात घट्ट आवळा, माणसे बाजूला करा, मग पुरवठा सावकाश उघडून टोकाचा बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडा. हवेचा झोत लगेच मिटला तर निवड बरोबर आहे. वाहतच राहिला तर झडप बदला. रोजच्या कामातही मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडण्याची सवय लावावी, कारण रिकाम्या होजमध्ये एकदम हवा सोडली की झडप त्यालाच तुटलेला होज समजून मिटते.

बारीक छिद्रातून होणारी गळती ही झडप ओळखत नाही, म्हणून होजची निगा सुटत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडखाली होज त्याहूनही तापतो. होजवर छापलेला दाब सामान्य तापमानाचा असतो. उष्णतेने, विशेषतः पॉलियुरेथेनचे होज, मऊ पडतात आणि त्यांची ताकद घटते. साध्या जुबली क्लिपऐवजी (स्क्रूने आवळायच्या पातळ पट्टीऐवजी) बोल्टचे क्लॅम्प वापरा आणि प्रत्येक जोडावर व्हिपचेकची तार बांधा. होज निपलवरून निसटला तरी ती तार त्याला धरून ठेवते.

प्रश्न : आमच्या गोदामात मालाची हायड्रॉलिक लिफ्ट आहे. पंपाजवळ अशी झडप बसवली तर चालेल का? (वाडी)

उत्तर : पंपाजवळ बसवून उपयोग होणार नाही. हवेच्या लाइनमध्ये साठलेला जोर टाकीत असतो, तर वर उचललेल्या लिफ्टमध्ये तो सिलिंडरमध्ये असतो, कारण मालाचे वजनच तेलाला बाहेर ढकलते. म्हणून रप्चर व्हॉल्व्ह, म्हणजे होज तुटताच तेलाची वाट बंद करणारी झडप, थेट सिलिंडरच्या तोंडातच आटेदार बसवतात. सिलिंडर आणि झडप यांच्यामध्ये हातभर होज ठेवला तरी तोच तुटल्यावर प्लॅटफॉर्म खाली येतो. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींवर झडपा हव्यात आणि त्या एकमेकींशी जोडलेल्या हव्यात, नाहीतर एकच मिटून प्लॅटफॉर्म तिरपा होतो. गळती शोधण्यासाठी होजवरून हात कधीही फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. दाबाचे तेल सुईइतक्या छिद्रातूनही कातडीत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागते.

प्रश्न : घरच्या गॅस सिलिंडरला अशी झडप असते का? (सीताबर्डी)

उत्तर : रेग्युलेटर काढल्यावर सिलिंडरचे तोंड आपोआप मिटते, ती झडप वेगळी. रबरी नळी निसटली तर साधा रेग्युलेटर गॅस थांबवतोच असे नाही, म्हणून रात्री व बाहेर जाताना तो बंद करावा आणि सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलावा. एलपीजीच्या मोठ्या टाक्यांवर व टँकरवर मात्र जादा प्रवाह रोखणाऱ्या झडपा असतात. त्या टाक्यांच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.