डिलिव्हरीवाल्याची टिप बंद करू का? वाकडच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण आमच्या घरी हाच वाद झालाय, फक्त आमच्यात टिप देणारी बायको आणि कुरकुर करणारा मी. असो. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई आणि त्यांचे मिस्टर दोघं नोकरीला, राहायला पुण्यात वाकडला, दोघांचे मिळून हातात १ लाख १२ हजार येतात, त्यातले ३८ हजार घराच्या हप्त्याला जातात, मुलगी सहावीत. महिन्यातून साधारण १८ वेळा बाहेरून जेवण येतं आणि मिस्टर दर ऑर्डरला ३० रुपये टिप टाकतात, पाऊस असला की ५०. ताईंनी हिशोब मांडला तर महिन्याला ६०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला सात हजार, आणि त्यात कुठल्यातरी रीलमध्ये त्यांनी पाहिलं की हेच ६०० एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात, टाकले तर २० वर्षांत सहा लाख होतात. मग टिप बंद करू का, आणि द्यायचीच तर किती, ॲपवर की हातात, आणि न्यू जर्सीची नणंद म्हणते २० टक्के द्यायलाच पाहिजे ते खरं का.

आधी त्या रीलचं बघू. गणित चूक नाहीये, १२ टक्के परतावा धरला तर ६०० चे सहा लाख होतात. पण १२ टक्के मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही, आणि २० वर्षांनंतरचे सहा लाख म्हणजे आजचे सहा लाख नव्हेत. महागाई ६ टक्के धरा, आजच्या हिशोबाने ते पावणेदोन-दोन लाखांच्या आसपास भरतात. वाईट नाही, पण मुलीचं शिक्षण किंवा रिटायरमेंट काय त्यावर निघणार नाही. हे रील करणारे नेहमी चहा, टिप, सिनेमाचं तिकीट असलंच काहीतरी पकडतात कारण ते पटकन डोळ्यात भरतं, ३८ हजारांच्या हप्त्यावर कोणी रील करत नाही.

आता तुम्ही पाठवलेलं बिल बघा. जेवण ४१०, पॅकिंग २५, त्यावर ५ टक्के जीएसटी २२, डिलिव्हरी चार्ज जीएसटी धरून ३८, प्लॅटफॉर्म फी १५. झाले ५१०. वर टिप ३०. त्याच हॉटेलच्या मेन्यू कार्डावर तेच दोन पदार्थ तुम्हीच लिहिलंय तसं ३५० ला आहेत, जीएसटी धरून ३६७. म्हणजे खाली जाऊन आणलं असतं तर १४० रुपये वाचले असते, टिप न धरता. ॲपवर भाव चढे का असतात तर हॉटेलवाल्याला ॲपचं कमिशन द्यावं लागतं आणि तो ते भावात काढतो, त्याचंही काय चुकलं. प्लॅटफॉर्म फी तर २०२३ मध्ये २ रुपयांपासून चालू झाली होती, लोकांच्या लक्षातही आली नाही आणि बघता बघता कुठे गेली. डिलिव्हरी चार्जवर १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून लागला. हे सगळं तुम्ही निमूट भरता कारण ते आपोआप कापलं जातं, आणि भांडण फक्त त्या एकाच आकड्यावर होतं जो आपण स्वतः बोटाने निवडतो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच.

आणि ज्याला ते ३० रुपये जातात त्याच्या बाजूने पण बघा जरा. २०२५ च्या डिसेंबरमध्ये २५ आणि ३१ तारखेला डिलिव्हरीवाल्यांनी संप केला होता, त्यानंतर जानेवारीत झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी स्वतःच आकडे दिले. २०२५ मध्ये त्यांच्या रायडरची कमाई टिप सोडून तासाला सरासरी १०२ रुपये, आणि टिप तासाला सरासरी २ रुपये ६० पैसे. झोमॅटोच्या १०० पैकी साधारण ५ ऑर्डरनाच टिप मिळते, ब्लिंकिटला तर त्याच्याही निम्म्यावर. हे कंपनीचे आकडे आहेत, म्हणजे चित्र त्यातल्या त्यात बरं दिसेल असेच असणार. त्यांचाच हिशोब दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस असा होता, कमाई साडेसव्वीस हजार आणि पेट्रोल-मेंटेनन्सला त्यातले २० टक्के वजा. त्याच २६० तासांना २ रुपये ६० पैशांनी गुणा, ६७६ रुपये येतात. म्हणजे दिवसभर बाईक हाकणाऱ्या एका माणसाला महिनाभरात सगळ्यांकडून मिळून जेवढी टिप सुटते, जवळपास तेवढी तुमचे मिस्टर एकटे महिन्याला देतात!! (अर्थात ती अठरा जणांत वाटून जाते.) मला हा आकडा कळला तेव्हा मी बायकोशी वाद घालायचं बंद केलं, इतकंच सांगतो.

आपल्याकडे वरखुशी द्यायची पद्धत नाही असं नाही, उलट चांगली जुनी आहे. कामवाल्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्तीचा, वॉचमनला, पेपरवाल्याला पाकीट, मुंबईत डबेवाल्याला दिवाळीत महिन्याचे पैसे डबल. पण ती सगळी ओळखीची माणसं, वर्षभर येणारी. डिलिव्हरीवाला आज आला तो परत येईलच असं नाही, दिवाळीला त्याला शोधणार कुठे, त्यामुळे ती पद्धत इथे लागू पडत नाही आणि मग आपण ठरवूनच टाकतो की द्यायचं काही कारण नाही. तर कारण आहे, फक्त वेळ वेगळी आहे, दारात आला तेव्हाच.

नणंदेच्या २० टक्क्यांचं म्हणाल तर ते तिकडे बरोबर आहे, इकडे नाही. तिकडे ॲपच्या ड्रायव्हरचं पोट बऱ्याच अंशी टिपवरच चालतं, आणि ऑर्डर घ्यायच्या आधी त्याला अंदाजे किती सुटणार ते टिप धरून दिसतं, त्यामुळे टिप टाकली नाही तर ती ऑर्डर बऱ्याचदा कोणी पटकन उचलत नाही आणि जेवण गार होत पडतं. न्यूयॉर्क शहराने तर २०२३ च्या डिसेंबरपासून ॲपवाल्या डिलिव्हरीला तासाला १७.९६ डॉलरचा किमान दर लावला, तो पुढे वाढवला पण. तुम्ही विचारलंय ना की ॲपवर टाकलेली टिप खरंच त्याच्यापर्यंत जाते का, तर शंका चुकीची नाही. तिकडे डोअरडॅश या डिलिव्हरी ॲपने २०१७ ते २०१९ मध्ये टिप ड्रायव्हरच्या ठरलेल्या पैशातच वळती केली, म्हणजे गिऱ्हाइकाने टिप दिली की कंपनीचे तेवढे वाचायचे, त्याबद्दल २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी पावणेदोन कोटी डॉलरच्या जवळपास तडजोड करावी लागली. इथे झोमॅटो सांगते की टिप १०० टक्के रायडरला जाते. मी तरी जमेल तेव्हा हातात देतो, कारण एकदा आमच्या गेटवर एका मुलाला विचारलं होतं, तो म्हणाला सर ॲपवरची टिप पेमेंटबरोबर येते, रोख असली की आत्ताच पेट्रोल टाकता येतं.

टक्क्यांत टिप मोजायला आपल्याकडे अर्थही नाही. बिर्याणी दोनशेची असो की पाचशेची, त्याला जिने तेवढेच चढायचेत. ऑर्डरच्या रकमेकडे बघू नका, त्या दिवशी त्याला त्रास किती झाला ते बघा. साधा दिवस, जवळचं हॉटेल, ३० ठीक आहे. पाऊस, रात्री अकरानंतर, हिंजवडीच्या बाजूचं ट्रॅफिक, लिफ्ट बंद, तर ५०. पाण्याचे कॅन मागवले असतील तर त्याहून जास्त, आणि खरं म्हणजे पाण्याचे कॅन माणसावर लादूच नयेत. काही सोसायट्यांमध्ये डिलिव्हरीवाल्यांना मेन लिफ्ट वापरू देत नाहीत आणि गाडी गेटबाहेर लावायला लावतात, तुमच्याकडे तसं असेल तर गेटवर जाऊन पार्सल घ्या, ती पाच-सात मिनिटं त्याला परत मिळाली की तो अजून एक ऑर्डर उचलतो, ती पण टिपच आहे आणि तुम्हाला फुकट. उशीर हॉटेलने केला असेल तर राग रेटिंगमध्ये त्याच्यावर काढू नका. आणि टिप दिली म्हणून त्याने येताना दूध घेऊन यावं असली अपेक्षा पण नको.

बरं, ही झाली टिप. आता मूळ मुद्दा, जो तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलाय आणि मला वाटतं तोच पहिला यायला हवा होता. क्रेडिट कार्डावर ४८ हजार थकलेत, फ्रिज आणि सुट्टीतली ट्रिप, आणि तुम्ही दर महिन्याला नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे कार्डवाले मागतात ती कमीत कमी रक्कम, भरताय. ताई, बऱ्याच कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४८ हजारांवर ते झालं १,६८०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये महिन्याला, नुसते व्याजाचे. टिपच्या तिप्पट! वर अजून एक गोष्ट जी कार्डवाले बारीक अक्षरात लिहितात. मागची बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला ते ४५-५० दिवसांचं बिनव्याजी काय ते मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज चालू. तुमच्या १८ ऑर्डरी त्याच कार्डावरून जातात. म्हणजे मिसळीवर व्याज, प्लॅटफॉर्म फीवर व्याज आणि मिस्टरांच्या त्या ३० रुपयांवर पण व्याज.

तुमची दीड लाखाची एफडी आहे, तिला फार तर ७ टक्के मिळत असतील आणि त्यावरही टॅक्स. वर्षाला ७ मिळवायचे आणि ४० च्या वर द्यायचे हा धंदा कोणीच करू नये. अडीनडीसाठी ठेवलीय म्हणून मोडवत नाही हे मला कळतं, सगळेच असं म्हणतात, पण कार्डाचं व्याज हीच ती अडचण आहे. बँकेत विचारा, काही ठिकाणी एफडी अर्धवट मोडता येते, नाहीतर पूर्ण मोडून उरलेल्या लाखाची दुसरी करा. थोडा दंड कापतील, वर्षभराच्या कार्ड व्याजापुढे तो काहीच नाही. ४८ हजार एकरकमी भरून टाका आणि ॲपमधून ते कार्ड काढून यूपीआय लावा.

मग ऑर्डरी १८ च्या १२ करा. सहा कमी म्हणजे आठवड्याला दीड, फार नाही. रविवारी थोडी जास्तीची कणीक मळून ठेवली, फ्रिजमध्ये इडलीचं पीठ असलं की एवढं निभतं, आणि यात फक्त तुम्ही नाही, मिस्टरांनी पण ओट्यापाशी उभं राहायचं, हे त्यांना माझ्याकडून सांगा. सहा ऑर्डरींचे तीन हजार सुटतात, मिनिमम ड्यूला जाणारे दोन-अडीच हजार सुटतात, ते दोन्ही मिळून नऊ-दहा महिन्यांत एफडी परत होती तेवढी होते. एसआयपी त्यानंतर, आणि ६०० ची नाही, ३ हजारांची. १० टक्केच धरले तरी २० वर्षांत बावीस-तेवीस लाख होतात, आजच्या किमतीत सात लाखांच्या आसपास. रीलपेक्षा बरं आहे की नाही?

टिप चालू ठेवा. उरलेल्या १२ ऑर्डरींना ३० च्या जागी ४० दिलेत तरी महिन्याचे ४८० होतात, आत्तापेक्षा कमीच. फक्त वहीत ती वेगळी लिहू नका, जेवणाच्याच खात्यात लिहा, म्हणजे घरी मागवलेलं जेवण ५१० ला नाही, ५५० ला पडतं हे डोळ्यासमोर राहील आणि झेपत नसेल त्या दिवशी ऑर्डरच होणार नाही. टिप कापून ऑर्डर परवडवून घ्यायची हे मला पटत नाही.

सुट्टे नसतील तर दारात विचारायचं, भाऊ स्कॅनर आहे का. बऱ्याच जणांच्या फोनवर असतोच. मागच्या महिन्याचं कार्ड स्टेटमेंट मात्र मला पाठवा, त्यात लेट फी लागलीय का ते बघायचंय, कारण तुम्ही लिहिलेली भरल्याची तारीख आणि ड्यू डेट यांचा मेळ मला लागत नाहीये.