जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवून उपयोग होतो का, की सरळ नवीनच घ्यावा?

तुम्ही विचारलंय: दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, २ जीबी रॅम, ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन बसतं. आणखी ४ जीबी टाकली तर फरक पडेल का? जुन्या रॅमबरोबर दुसऱ्या कंपनीची चालते का? की नवीनच घ्यावा?

फरक पडतो. चालते, बहुतेक वेळा. नवीन घेऊ नका.

एवढ्यावर थांबले असते, पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात, हात लावलास तर आहे तेही जाईल." हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय, थोरल्या भावाकडून. त्यामुळे आता जरा लांबण लागेल.

२०१६ ची गोष्ट. दादाने वापरून सोडलेला डेस्कटॉप माझ्याकडे आला होता. जी४१ चिपसेटचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपांचा) मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर३ चे, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या रॅमचे, दोन स्लॉट. एकात २ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, दुसरा रिकामा. मी पुस्तकांची मांडणी करते. दोनशे पानांची फाइल उघडून पुढच्या पानावर गेलं की हार्डडिस्कचा लाल दिवा पेटायचा आणि विझायचं नाव घ्यायचा नाही. रॅम म्हणजे मशीनची कामापुरती, तात्पुरती जागा. ती पुरेनाशी झाली की विंडोज न मावलेलं सामान डिस्कवर टाकतं आणि लागेल तसं परत आणतं. त्या ने-आणीत पान दिसायला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात माझी कागदावरची प्रुफं तपासून व्हायची.

मॅन्युअलमध्ये स्वच्छ छापलं होतं: कमाल ८ जीबी, प्रत्येक स्लॉटला ४. मी डीडीआर३ ची ४ जीबीची स्टिक आणली. लेबलवर वेग १६०० होता. बोर्ड १०६६ च्या वर जाणार नव्हता, पण जास्त वेगाची स्टिक कमी वेगाने मुकाट चालते, तेव्हा त्याची काळजी नव्हती. रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली, दोन्ही क्लिपा 'कट्' झाल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. डिस्प्ले नाही. काय बिघडलंय ते सांगणारा बीपही नाही, कारण त्या कॅबिनेटला स्पीकरच नव्हता.

नेमका दादा तेव्हा घरी.

"सीपीयू कशाला उघडलास?" (कॅबिनेटला तो सीपीयू म्हणतो. आजही.)

मग त्याने ताबा घेतला. त्याच्याकडे रॅमच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: खोडरबर. सोनेरी पिनांवर रबर घासायचा, फुंकर मारायची, परत लावायची. घासण्यात गैर काही नाही, पिना काळवंडल्या असतील तर कधीकधी चालतंही. पण स्टिक बोर्डापासून लांब नेऊन घासायची असते. हा माणूस उघड्या बोर्डावर धरूनच घासत होता. नवी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये लावली, डिस्प्ले नाही. दुसऱ्यात, नाही. जुनी पहिल्या स्लॉटमध्ये, डिस्प्ले आला. जुनी दुसऱ्या स्लॉटमध्ये, नाही.

"झालं. दुसरा स्लॉट उडवलास. आणि रॅमही जाळलीस," असं म्हणून तो हात धुवायला गेला.

माझं डोकं तेव्हाच चाललं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. रात्री टॉर्च मारून पाहिलं तर दुसऱ्या स्लॉटच्या फटीत रबराचे पांढरे कण अडकलेले. रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने काढले, जुनी स्टिक तिथे लावली, डिस्प्ले आला. म्हणजे स्लॉट शाबूत. पण नवी स्टिक अजूनही दोन्हींकडे गप्प. आणि तीच स्टिक मैत्रिणीच्या मशीनमध्ये पहिल्या झटक्यात चालली. बोर्ड धडधाकट, स्टिक धडधाकट, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी कळलं ते दोन्ही स्टिक शेजारी ठेवल्यावर. जुनी २ जीबीची, तिच्यावर पुढे आठ आणि मागे आठ अशा सोळा काळ्या चिप. नवी ४ जीबीची, पण पुढे आठ आणि मागची बाजू मोकळी, नुसती हिरवी. आता हिशोब करा. आठ चिपमध्ये ४ जीबी म्हणजे एका चिपमध्ये ५१२ एमबी, म्हणजे ४ गिगाबिटची चिप. सोळा चिपमध्ये ४ जीबी असती तर एकेक २ गिगाबिटची. चिपमधली नेमकी ओळ गाठायला २ गिगाबिटच्या चिपला पत्त्याचे १५ बिट लागतात, ४ गिगाबिटच्या चिपला १६. जी४१ चा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, प्रोसेसरमध्ये नसतो, बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असतो, आणि तो सोळावा बिट त्याच्याकडे नाहीच. म्हणून मॅन्युअलमधलं "प्रत्येक स्लॉटला ४ जीबी" खरं, पण सोळा चिपवाली ४ जीबी. एवढी एक ओळ छापली असती तर एका घरातलं भांडण वाचलं असतं.

नवी स्टिक मैत्रिणीला देऊन टाकली आणि कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या मशीनमधली सोळा चिपवाली ४ जीबीची मिळवली. लेबलवर '२आरएक्स८' होतं. आठ-आठ चिपचे दोन संच, असा त्याचा अर्थ. लावली. डिस्प्ले आला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या स्क्रीनवर, ६१४४ एमबी. मी दादाला हाक मारून बोलावलं.

विंडोज उघडलं आणि तिथे लिहिलेलं: ६ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ३.२४.

"बघ. म्हटलं होतं ना," दादा म्हणाला. काय म्हटलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ते विंडोज ७ होतं, ३२ बिटचं. ३२ बिटांत ४,२९४,९६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे बरोबर ४ जीबी, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे हार्डवेअर आधीच राखून ठेवतं. वरची रॅम नुसती बसून राहते. प्रोसेसर ६४ बिटचा होता, मग ६४ बिटचं विंडोज टाकलं. ३२ वरून ६४ वर तसंच चढता येत नाही. सगळा डेटा बाहेर काढून, फॉरमॅट मारून, पहिल्यापासून. माझ्या जुन्या स्कॅनरला ६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला नाही, तो तेव्हापासून माळ्यावर आहे. ही किंमत मोजली, खोटं का बोला. पण त्या रात्री दोनशे पानांची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सरसर सरकवून पाहिली, विनाकारण, तीनदा. लाल दिवा एकदाही अडकला नाही.

दादाने काय केलं? काही नाही. पण अजूनही चार माणसांत कॉम्प्युटरचा विषय निघाला की, "हिने एक बोर्ड जाळला होता." मी प्रत्येक वेळी चिप मोजायची गोष्ट सांगायला घेते, आणि सोळाव्या बिटापर्यंत ऐकायला कुणी थांबत नाही. तुम्ही थांबलात, आभारी आहे.

तर तुमच्या मशीनकडे येऊ. कॅबिनेट उघडण्याआधी सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, किती स्लॉट, कशात काय, बोर्ड कोणता, सगळं दाखवतं. अंदाजाने आणू नका. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावलात तर स्लॉट मोडेल, स्टिक बसणार नाही. लेबलवर 'पीसी३-१०६००' किंवा 'पीसी३-१२८००' असं असतं, त्याच्या शेवटचं अक्षर पाहा. 'यू' हवा. 'आर' असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी, साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही, आणि विकणारे ती खपवायला टपलेलेच असतात. 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेली ८ जीबीची स्टिक इंटेलच्या बोर्डाला लावू नका, तिथेही पत्त्याच्या बिटांचंच त्रांगडं आहे.

वेगळी कंपनी असली तरी बिघडत नाही. १३३३ आणि १६०० एकत्र लावलीत तर दोन्ही १३३३ ने चालतील. सारख्या आकाराची जोडी मिळाली तर उत्तमच, ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाणीचा, फायदा मिळतो, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर तो जाणवतोही. पण जोडी नाही म्हणून अडून बसू नका. लावल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवा. एक जरी एरर आला तरी ती स्टिक परत करा. "कधीतरीच येतो" असला एरर नसतो. तो तुमच्या एखाद्या फाइलमध्ये लपून बसतो आणि सहा महिन्यांनी सापडतो.

हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, पण राहिलं: तुमचं मशीन दुसऱ्या पिढीच्या कोअर मालिकेचं, म्हणजे २०११ किंवा त्यानंतरच्या प्रोसेसरचं असेल, तर मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो आणि ४ गिगाबिटची चिप त्याला चालते. म्हणजे वरचं चिप मोजायचं पुराण तुम्हाला बहुधा लागूच नाही. एच६१ चिपसेटचा बोर्ड असला तर प्रत्येक स्लॉटला ८ जीबीपर्यंत बिनधास्त लावा. जी४१ चे बोर्ड मात्र त्यानंतरही बरेच विकले गेले, तेव्हा खात्री करून घ्या.

आणि मशीन नक्की रॅममुळेच बसतंय का, हेही पाहा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम. साठवर असून डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर दोष हार्डडिस्कचा, तिथे आधी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, टाका. २ जीबी असताना बहुधा दोन्ही दिसेल, मग दोन्ही करा.

"नवीन घेऊ नका" हेही जरा तिरीमिरीत लिहिलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तुमच्या मशीनवर ते सरळ मार्गाने चढणार नाही. मी माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकलीय. तुम्हाला विंडोजशिवाय चालतच नसेल तर घरच्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. थोडंच.

शेवटचं: बसवण्याआधी पॉवरची वायर मागून उपटून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेटच्या धातूला हात लावा, आणि मगच स्टिक. नुसतं शटडाउन पुरत नाही. वायर असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्ट येत राहतात, आणि तेवढ्यात रॅम जळू शकते. बऱ्याच बोर्डांवर तेव्हा एक बारीकसा हिरवा दिवा पेटलेला असतो.

माझ्याही बोर्डावर होता. २०१६ साली ती पहिली स्टिक दाबताना तो माझ्या अंगठ्याच्या शेजारीच पेटलेला होता. क्लिपा बसल्यावर माझ्या लक्षात आलं, मी वायर काढली आणि पुन्हा लावली. तोवर दादा खोलीत आला नव्हता.